हॉवर्डांचं समाधीगृह: खांब एवढे दाटीवाटीने का?

रानवाटा
मंडळी, सासू-सासरे इकडे लीड्सला आलेत. त्यांना घेऊन मागच्या शनिवारी कॅसल हॉवर्डला गेले होते. यॉर्कपासून पंधराएक मैल. वाडा पाहिला, कारंजं पाहिलं, मोरांच्या मागे धावून झालं आणि बागेच्या टोकाला 'चार वाऱ्यांचं देऊळ' म्हणतात त्या छोट्या घुमटीपाशी आलो. तिथून समोर उतार, खाली पाणी, पाण्यावर एक उगाचच देखणा पूल आणि पलीकडच्या टेकाडावर एकटीच एक गोल इमारत. भोवती झाड नाही, घर नाही. सासरे बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत होते. मग म्हणाले, "पाण्याची टाकी दिसते."

ती हॉवर्ड घराण्याची दफनाची जागा, मॉसोलियम. निकोलस हॉक्समूर हा वास्तुकार, काम १७२९ला सुरू. आत जाता येत नाही, खाजगी आहे. लांबूनच झूम करून फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले आणि तेव्हापासून डोक्यात दोन भुंगे आहेत.

एक, हे लोक तर चर्चमध्ये नाहीतर चर्चच्या आवारात पुरतात ना? मग या घराण्याच्या अर्लसाहेबांनी (अर्ल म्हणजे तिकडचा सरदार) शेतात का बांधलं? दुसरं, ते खांब! गोलाकार वीस खांब, पण इतके चिकटून की मधली फट काळीकुट्ट दिसते. देखणं आहे, पण माणसाला 'या' म्हणत नाही. हे मुद्दाम केलं असेल की चुकून झालं असेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज
जाणकार येईपर्यंत: तिथल्या कॅफेत स्कोन खाल्लात का? नसेल तर फेरी फुकट.

रानवाटा
खाल्ला. सासूबाईंनी पर्समधून मेतकूट काढून त्यावर भुरभुरलं. पुढे विचारू नका.

इतिहासवेडी
पहिल्या भुंग्यासाठी थोडं.

चार्ल्स हॉवर्ड हा कार्लाइलचा तिसरा अर्ल. १६९९मध्ये वाड्याचं काम त्याने जॉन व्हॅनब्रूला दिलं. व्हॅनब्रू तोवर सैन्यात राहून, फ्रान्समध्ये तुरुंगवास भोगून, नाटकं लिहून मोकळा झाला होता, पण इमारत एकही बांधली नव्हती! म्हणून जोडीला हॉक्समूर. हा नामवंत वास्तुकार क्रिस्टोफर रेनच्या हाताखाली तयार झालेला, नकाशे आणि हिशेब दोन्हींत पक्का. एकाने स्वप्नं बघायची, दुसऱ्याने ती उभी करायची अशी ती जोडी. १७२६मध्ये व्हॅनब्रू गेला. समाधीगृह पूर्णपणे हॉक्समूरचं.

आता चर्च. त्या काळात मोठ्या घराण्यांची माणसं चर्चच्या फरशीखाली पुरली जात. वर प्रार्थना, खाली पूर्वज. लंडनच्या चर्चांत याची दुर्गंधी आणि गर्दी दोन्ही असह्य झाली होती. रेनने आणि व्हॅनब्रूने १७११च्या सुमाराला स्वतंत्रपणे लिहून ठेवलंय की दफन गावाबाहेर मोकळ्यावर करावं. अर्लसाहेबही पाद्र्यांचं फार ऐकणाऱ्यांतले नव्हते. तेव्हा रोमन सरदारासारखं आपल्याच जमिनीत, आपल्याच टेकाडावर निजायचं ठरवलं. प्राचीन रोमन काळानंतर पश्चिम युरोपात चर्चपासून सुटं, एवढं भव्य समाधीगृह पहिलं हेच, असं सांगतात.

गोंधळी
मॉसोलियम हा शब्द कुठून आला? मला लहानपणी वाटायचं 'मौसी'शी संबंध असावा.

इतिहासवेडी
मॉसोलस नावाचा कारियाचा राजा, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याच्या राणीने, आर्टेमिसियाने, हॅलिकार्नासस इथे त्याचं थडगं पूर्णत्वाला नेलं. ते सात आश्चर्यांत जाऊन बसलं आणि राजाचं नाव सामान्यनाम झालं. गंमत म्हणजे याच हॉक्समूरने लंडनच्या ब्लूम्सबरीतल्या सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यावर त्या हॅलिकार्नाससच्या थडग्याची पायऱ्यापायऱ्यांची प्रतिकृती चढवलीय. थडग्यांचं याला वेडच होतं.

पाथरवट
दुसरा भुंगा माझ्याकडे द्या. मी स्ट्रक्चरल इंजिनियर, पेशाने काँक्रीटवाला, मनाने दगडवाला.

खांब डोरिक पद्धतीचे, म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या साध्या, जाडजूड धाटणीचे आहेत. दोन खांबांमधली मोकळी जागा खांबाच्या व्यासाच्या दीडपट. डोरिकला हे फारच कमी. लॉर्ड बर्लिंग्टन हा तेव्हाचा अभिरुचीचा फौजदार; त्याने यावर बोट ठेवलंच, की प्राचीनांनी डोरिक खांब इतके जवळ कधी उभे केले नाहीत. हॉक्समूरने उत्तर काय दिलं असेल? दगड! खांबांवर आडवी टाकायची तुळई एकसंध हवी, आणि तेवढ्या लांबीचा दगड मिळायचा नाही.

हे कारण खोटं नाही. दगड दाब कितीही सोसतो, पण वाकवायला गेलात की तुळईच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथे तो काडकन जातो. तुळई स्वतःच्याच वजनाने वाकते तेव्हा हा ताण अंतराच्या वर्गाने वाढतो. दीड व्यासाचं अंतर अडीच केलं तर ताण पावणेतीन पटीहून जास्त. सिन्नरचं गोंदेश्वर आठवा. मंडपात खांबांची गर्दी का? तोच हिशेब. आपल्या पाथरवटांना बर्लिंग्टन नव्हता हे त्यांचं नशीब.

आणखी एक आकडेमोड, बसल्या बसल्या. एका खांबाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत अडीच व्यास. वीस खांबांचे झाले पन्नास. म्हणजे खांबांचं वर्तुळ साधारण सोळा व्यास रुंद. तेवढ्याच वर्तुळात अंतर वाढवून अडीच केलं असतं तर चौदाच खांब बसले असते. चौदा खांबांचं डोळ्यांसमोर आणून बघा. बागेतली चहाची छत्री होते.

मी_पुणेकर
+१. ती चहाची छत्री चहाबाजना द्या.

शंकासुर
पाथरवट, हिशेब मान्य. पण खाणीत दगड नाही हे कारण मला नेहमी संशयास्पद वाटतं. आमच्या सोसायटीत लिफ्ट दोन महिने बंद होती तेव्हाही 'पार्ट मिळत नाही' हेच ऐकलं होतं. हॉक्समूरला खांब जवळच हवे होते आणि लॉर्डसाहेबांना गप्प करायला त्याने खाण पुढे केली. 'मला असंच आवडतं' असं त्या काळी लॉर्डला लिहिता येत नसणार.

पाथरवट
शक्य आहे! क्लाएंटला न पटणारी गोष्ट तांत्रिक कारणात गुंडाळून देणं हा आमचा पिढीजात धंदा.

आजोबा_६८
मंडळी, मी १९९४ साली मुलाकडे गेलो असताना हे स्थळ पाहिले होते. त्या दिवशी पाऊस होता. मुलगा म्हणाला, बाबा, गाडीतूनच बघा. मी गाडीतूनच पाहिले. पावसात ते जास्त बरे दिसते असे माझे मत आहे. उन्हात काय, सगळेच बरे दिसते.

रानवाटा
आजोबा, हे अगदी खरं. आम्हालाही ऊन मिळालं ते पाचच मिनिटं.

तापीकाठ
उशिरा आलो, पण मला थांबवू नका. मी सुरतेत वाढलेला मराठी माणूस. हा धागा माझ्या गल्लीतून जातो.

इतिहासवेडींनी सांगितलं की व्हॅनब्रू सैन्यात होता, तुरुंगात होता. त्याआधी तो कुठे होता? सुरतेत! ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, १६८३च्या सुमाराला. विशीतला पोरगा. पुढे १७११च्या त्या दफनाबद्दलच्या टिपणात तो स्वतः लिहितो की सुरतेतले इंग्रज जसे गावाबाहेर पुरतात तसं करा. सोबत एक रेखाटनही जोडतो.

सुरतेतल्या इंग्रजांनी काय केलं होतं? कतारगाम दरवाजाजवळ गावाबाहेर दफनभूमी, आणि तिथे घुमट, कमानी, बाहेरून जिने असलेली दुमजली समाधीगृहं. लांबून एखाद्या नवाबाचा मकबरा वाटावा. यांच्यात सर्वांत थोरलं जॉर्ज ऑक्सिंडेन आणि त्याचा भाऊ क्रिस्टोफर यांचं. शाळेत असताना आम्ही त्याच्या सावलीत बसून पेरू खायचो. आता पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे आणि पेरूवाला नाही.

आता जॉर्ज ऑक्सिंडेन हे नाव ओळखीचं वाटतंय का?

मी_पुणेकर
थांबा थांबा. १६६४?

तापीकाठ
तोच! जानेवारी १६६४, महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख हाच. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि हा गडी वखारीच्या भोवती माणसं लावून उभा राहिला. वखार वाचली, पुढे बादशहाने खुश होऊन जकातीत सवलत दिली. १६६९मध्ये सुरतेतच वारला. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्सिंडेन १६७४ला रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता.

आणि कळस म्हणजे, ज्या जानेवारीत सुरत लुटली गेली त्याच जानेवारीत लंडनमध्ये जॉन व्हॅनब्रूचा बाप्तिस्मा झाला. वीसेक वर्षांनी तो सुरतेत येतो तेव्हा ऑक्सिंडेनची ती घुमटदार समाधी तिथे उभीच असते.

गोंधळी
अंगावर काटा. म्हणजे महाराजांमुळे यॉर्कशरला समाधी बांधली गेली?

शंकासुर
आलं! वाटच बघत होतो. गोंधळी, सुतावरून स्वर्ग गाठायचा तो किती? ऑक्सिंडेन लुटीत मेला नाही, पाच वर्षांनी मेला.

सुरतेचा मुद्दाही जरा सांभाळून. 'दफन गावाबाहेर करावं' ही कल्पना व्हॅनब्रूने सुरतेत प्रत्यक्ष पाहिली हे मान्य, त्यानेच लिहिलंय. पण कॅसल हॉवर्डची इमारत व्हॅनब्रूची नाही. हॉक्समूर कधी सुरतेला गेला नाही, इतकंच काय, इटलीलाही गेला नाही. पुस्तकांतली चित्रं बघून रोम शिकला. अर्लला लिहिलेल्या पत्रांत तो दाखले देतो ते रोमचे, आपिया रस्त्यावरच्या सेसिलिया मेटेलाच्या गोल थडग्याचे वगैरे. आकारही इटालियन वास्तुकार ब्रामांतेच्या रोममधल्या त्या चिमुकल्या गोल देवळाच्या कुळातला. यात सुरतेचा घुमट कुठे शोधायचा?

तापीकाठ
घुमट शोधतच नाहीये मी. तेवढं भोळेपण पेरूबरोबर संपलं. म्हणणं एवढंच की अर्लच्या कानात 'चर्च सोडून मोकळ्यावर बांधा' हा विचार वीस-पंचवीस वर्षं कोण घालत असेल? घरात ऊठबस असलेला मित्र-वास्तुकार. जागा सुरतेहून आली, कपडे रोमचे.

शंकासुर
'जागा सुरतेहून, कपडे रोमचे' हे चालेल. वाचनखूण साठवली.

इतिहासवेडी
तापीकाठ, सुरेख! माझ्याकडून एक भर. मुळात इंग्रज माणूस एवढा मोठा मकबरा बांधायच्या फंदात का पडला? भोवताली मोगल सरदारांची थडगी बघून. परक्या शहरात आपण किती वजनदार आहोत हे मेल्यावरही दाखवायचं होतं. डच लोकांनीही तिथे तेच केलं, फान रीडचं थडगं तर आणखी थोरलं.

अवांतर: उलटा प्रवासही झालाय. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७०मध्ये परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला वारले, तिथेच नदीकाठी दहन झालं. तिथे त्यांची छत्री आहे, चक्क आपल्या घाटाची. बागेतले लोक तिथे कुत्री फिरवतात.

चहाबाज
एक प्रश्न. अर्लसाहेबांना शेवटी मिळाली का ती जागा?

इतिहासवेडी
मिळाली, पण वेळेत नाही. हॉक्समूर १७३६ला गेला, तेव्हा काम अर्धवट. अर्ल १७३८ला बाथमध्ये वारला, तेव्हाही अर्धवट. मग त्याला जवळच्या बुल्मर गावच्या चर्चमध्ये पुरलं. म्हणजे जे टाळायचं होतं तेच! १७४५मध्ये तिथून काढून इथे आणलं.

मी_पुणेकर
काम सुरू १७२९, ताबा १७४५. आमच्या बिल्डरला हे दाखवतो, त्याला एकदम हलकं वाटेल.

पाथरवट
आणि इथे जावईबापूंची एंट्री. अर्लचा जावई सर थॉमस रॉबिन्सन, हौशी वास्तुकार, बर्लिंग्टनच्या गोटातला. सासऱ्याच्या बांधकामात सतत सूचना. हॉक्समूर गेल्यावर भोवतालची भिंत आणि पायऱ्या डॅनियल गॅरेट या बर्लिंग्टनच्याच माणसाने केल्या. पायऱ्या तर बर्लिंग्टनच्या चिझिकच्या घराच्या पायऱ्यांवर बेतलेल्या. रानवाटा, तुमचा फोटो नीट बघा. वरचा भाग एकदम कडक, शब्द न बोलणारा. खाली पायऱ्या मात्र दुहेरी, वळणावळणाच्या, पाहुण्यांच्या स्वागताला आल्यासारख्या. तो जोड मला खटकतो.

जावयाने पुढे वाड्याची पश्चिम बाजूही आपल्या पद्धतीने बांधली. म्हणून वाडा समोरून पाहिलात तर डावी-उजवी बाजू जुळत नाही.

रानवाटा
अय्या! सासूबाई तिथेच म्हणाल्या होत्या, "हे एका हाताचं काम नाही." त्यांना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "जावई असेल." मी अजून वाक्य पूर्णही केलं नव्हतं.

आजोबा_६८
जावयाविषयी मी येथे लिहिणार नाही. आमचे जावई हा धागा वाचतात.

गोंधळी
आत काय आहे पण? कोणी गेलंय का?

पाथरवट
मी आत गेलेलो नाही, आराखडे पाहिलेत. वर गोल प्रार्थनागृह. बाहेर डोरिक खांब, आत मात्र कोरिंथियन, म्हणजे पानाफुलांचा साज असलेले, भिंतीत अर्धे रुतलेले. वर खणाखणांचा घुमट, त्याच्या खाली खिडक्यांची रांग, तिथून उजेड येतो. म्हणजे बाहेरून जी इमारत तोंड मिटून बसलेली वाटते ती आतून उजळ आहे. प्रार्थनागृहाच्या खाली तळघर, त्यात शवपेट्यांसाठी त्रेसष्ट कोनाडे. बाहेरून उंची सुमारे नव्वद फूट.

शंकासुर
त्रेसष्ट! पुढच्या किती पिढ्यांचं बुकिंग करून ठेवलंय.

मी_पुणेकर
आमच्याकडे वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, तिथे एकाच माणसाची स्मृती. इथे सगळं गोत्र एका छताखाली. भांडणं होत असतील रात्री.

इतिहासवेडी
भांडणांचं माहीत नाही, पण सगळीच समाधीगृहं अशी नशीबवान नसतात. केंटमध्ये कोबमला डार्नली घराण्याचं आहे, जेम्स वायटने १७८०च्या दशकात बांधलेलं. चौकोनी, वर पिरॅमिडचं छप्पर. इमारत तयार, कोनाडे तयार, पण धार्मिक विधीने पवित्र करणंच झालं नाही, त्यामुळे तिथे कोणालाच पुरलं नाही. पुढे जंगलात पडीक, टवाळखोरांनी नासधूस केली, आत गाडीसुद्धा जाळली. आता दुरुस्त केलंय. ज्यांना आत जाऊन बघायचंय त्यांनी उघडण्याचे दिवस पाहून तिकडे जावं.

तापीकाठ
जाता जाता, इंग्रज लेखक हॉरेस वॉलपोल १७७२मध्ये कॅसल हॉवर्ड पाहून आला आणि पत्रात लिहिलं की हे मॉसोलियम बघून माणसाला जिवंतपणीच पुरून घ्यायचा मोह व्हावा. तेव्हा रानवाटा, 'माणसाला या म्हणत नाही' हे सर्वांनाच वाटलेलं नाही.

रानवाटा
मला अजून वाटतं. वॉलपोलसाहेबांना कोणी दोन तास गाडीत सासऱ्यांच्या शेजारी बसवलं नव्हतं.

पण तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद वाचून काल एकटीच पुन्हा गेले. आठ वाजता निघाले, दार उघडताच आत. देवळापाशी तासभर बसले. आधी ढग होते, सगळं राखाडी, खांब आणि फटी एकच. मग ऊन आलं, तिरपं. त्या वीस खांबांतले समोरचे सात-आठ उजळले आणि मधल्या फटी शाईसारख्या काळ्या झाल्या. शंकासुर, मी तुमच्या बाजूने. खाणीत दगड लांब मिळाला असता तरी या माणसाने तो कापून आखूड केला असता. अंतर जास्त असतं तर मागची भिंत दिसली असती आणि एवढा काळा रंग मिळालाच नसता. लांबून बघायच्या इमारतीला तोच तर रंग आहे.

पाथरवट
लेखी माघार घेतो. अर्धी. दगडाचा हिशेब माझा, काळा रंग तुमचा.

शंकासुर
अर्धी माघार हा आजवरचा उच्चांक. धागा वाचनखुणेत.

चहाबाज
स्कोन?

रानवाटा
दोन. मेतकूट नेलं होतं.

तापीकाठ, दिवाळीत भारतात येतेय, सुरतेला एक दिवस काढते. कतारगाम दरवाज्याला रिक्षावाल्याला काय सांगायचं?

तापीकाठ
'अंग्रेजोनुं कब्रस्तान' म्हणा. नाहीच कळलं तर माझा फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. सासऱ्यांना आणा. ऑक्सिंडेनची समाधी बघून ते टाकी नक्की म्हणणार नाहीत.

रानवाटा
विचारलं आत्ताच, तुमचा फोटो दाखवून. म्हणाले, "ही वरची टाकी."